रानांतली वाट आणि मुठींतलें यंत्र

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबर हे एल्क नांवाच्या थोर हरणाच्या शिकारीचे दिवस. पारधी पहाटेच्या काळोखांत मोटार सोडून रॉकी पर्वतांतील रानांत शिरतो आणि दिवसभर जनावराच्या मागावर फिरतो. नोव्हेंबरांत पांचाच्या सुमारास अंधार पडूं लागतो. त्यांत बर्फ भुरभुरूं लागलें, म्हणजे मोटार कोणत्या बाजूस राहिली हा प्रश्न जिवावरचा होऊन बसतो. माग काढणाराची दृष्टि जमिनीवर असते, दिशेवर नसते. इतर वाटसरूंहून पारधी अधिक चुकतो तो यामुळेंच.

अशा वेळीं मुठींत मावणारें जी. पी. एस. यंत्र कामीं येतें. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकन सरकारचे तीसएक उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपलें स्थान आणि आपल्या अणुघड्याळांतील वेळ अखंड कळवीत असतो. संदेश निघाला केव्हां आणि पोंचला केव्हां, यावरून यंत्र अंतर काढतें. तीन अंतरांवरून जागा निश्चित व्हावी. परंतु यंत्रांतील साधें घड्याळ तितकें नेमकें नसल्यामुळें चौथ्या उपग्रहाची साक्ष लागते. लष्करी कारणास्तव मुद्दाम घातलेल्या दोषामुळें नागरी यंत्रांची चूक पूर्वीं शंभर मीटरांपर्यंत जाई. मे २००० मध्यें तो दोष काढण्यांत आला, आणि आतां मोकळ्या आभाळाखालीं चूक बहुधा थोड्या मीटरांचीच राहते.

मात्र मोटारीपाशींच स्थान नोंदवून मग पाऊल उचललें पाहिजे. रान तुडवून झाल्यावर ही आठवण होऊन उपयोग नाहीं. अरुंद दरींत कड्यांवर आपटून आलेले संदेश यंत्रास फसवितात. थंडीनें बॅटरीचें बळ ओसरतें, म्हणून जादा सेल पिशवींत न ठेवतां अंगाजवळच्या खिशांत ठेवावे. शिवाय यंत्राचा बाण सरळ रेषेंत वाट दाखवितो. मध्यें कडा आहे कीं नदी, याची त्यास फिकीर नसते.

ती फिकीर कागदी नकाशा करतो. सरकारी भूमापन खात्याचा १ : २४,००० प्रमाणाचा नकाशा आणि साधें होकायंत्र यांना बॅटरी लागत नाहीं. पण होकायंत्राचेही हट्ट आहेत. बंदुकीची पोलादी नळी जवळ असली तर सुई तिच्याकडे ओढली जाते. म्हणून बंदूक रिकामी करून चार-सहा पावलें दूर ठेवावी आणि मगच दिशा पाहावी. दुसरें असें कीं, कोलोराडोंत सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारें ८ अंश पूर्वेकडे झुकते. महाराष्ट्रांत हा फरक एका अंशाहूनही कमी असल्यानें इकडे त्याची कोणी पर्वा करीत नाहीं. तिकडे मात्र तो विसरल्यास किलोमीटरमागें सुमारें १४० मीटरांची चूक पदरीं पडते. नकाशा जुना असेल तर आणखी एक खोंच असते. १९२७ च्या मोजणीवर आधारलेला नकाशा आणि १९८४ च्या मानावर चालणारें यंत्र यांचे आंकडे जुळत नाहींत. यंत्रांत मान बदलून घ्यावें लागतें.

यंत्र बंद पडलें, तर अनुभवी माणूस रस्त्यावरील मोटारीच्या रोखानें चालतच नाहीं. तसा चालला आणि थोडा चुकला, तर रस्त्यावर पोंचूनही मोटार डावीकडे कीं उजवीकडे हें कळत नाहीं. तो जाणूनबुजून बराच उजवीकडे रोख धरतो. मग रस्ता लागतांच डावीकडे वळावयाचें, एवढेंच त्यास ठाऊक असावें लागतें.