न झिजता म्हातारे झालेले यंत्र

ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तुम्ही कधी गेला आहात काय? पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण संगणकाचा सुटा भाग हवा असला की मुंबईकराच्या तोंडी अजून जुनेच नाव येते. दहा वर्षांचा संगणकही तेथे दुरुस्त होऊ शकतो. मग शाळेतला धडधाकट संगणक 'बाद' कसा ठरतो?

परळ-लालबागच्या गिरण्यांतले माग झिजत, कारण त्यांत धातूवर धातू घासे. सिलिकॉनच्या चिपमध्ये असे काही घासत नाही. हलतात ते इलेक्ट्रॉन. झिजते ते पंख्याचे बेअरिंग किंवा तबकडी फिरवणारी मोटार. काही कपॅसिटरांमधला द्रव उष्णतेने सुकत जातो. पण हे भाग बदलता येतात.

आता पुढची हकिकत पाहा. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० ही कार्यप्रणाली आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद केल्या. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना तेवढी एका वर्षाची सवलत दिली. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर २०१७ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर तिला अधिकृतपणे चालत नाहीत. एकही भाग न बिघडता यंत्र म्हातारे झाले!

कंपनीचे म्हणणेही ऐकले पाहिजे. नव्या प्रणालीला 'टीपीएम' नावाची सोय लागते. ती गुप्त किल्ल्या जपून ठेवते आणि संगणक सुरू होताना आरंभीच्या आज्ञावलीत कोणी ढवळाढवळ केली आहे का, हे ओळखायला मदत करते. ही भीती पोकळ नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे काम विस्कळीत केले, ते दुरुस्ती न बसवलेल्या संगणकांमुळेच.

तरीही मला हा निर्णय पुरता पटत नाही. कारण सांगतो. १९७० च्या दशकात आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपल्या देशात जुनी यंत्रे डागडुजी करून भाड्याने देई. परकी भांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची सरकारची अट तिने मानली नाही आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. त्या वेळी उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, १९६७ साली दक्षिण मुंबईतून निवडून आलेले कामगार पुढारी. कंपनी गेली, पण यंत्रे थांबली नाहीत. सीएमसी या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल हाती घेतली. यंत्र उघडता येत होते, म्हणून हे जमले. विंडोजची मूळ आज्ञावली मात्र बंद पेटीत आहे. कंपनीने हात काढून घेतला की बाहेरच्या कारागिराला तिची डागडुजी करणे फारच अवघड.

तुमच्या शाळेतल्या संगणकाची माहिती उघडून पाहा. 'आय-५ ७४००' असे लिहिले असेल, तर त्यातला ७ म्हणजे सातवी पिढी. असे यंत्र भंगारात टाकण्यापूर्वी शिक्षकांच्या परवानगीने त्यावर लिनक्स चालवून पाहा. पेनड्राइव्हवरून ते चालते. तबकडीवरच्या मजकुराला हात लावावा लागत नाही. लिनक्सची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. छापयंत्र आणि मराठी टंकलेखन नीट चालते का, हे मात्र आधी तपासा. गाडी बहुधा तेथेच अडते.