बिडीमुळे की कामावरच्या धुळीमुळे? फुप्फुसाच्या कॅन्सरचं हे गणित काय आहे

फुप्फुसाचा कॅन्सर झालाय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ओढायचे का?" उत्तर 'हो' आलं की विषय संपला. तो माणूस तीस वर्षं काम काय करत होता, हे कुणी विचारतच नाही.

हा दुसरा प्रश्न का महत्त्वाचा आहे, ते समजायला अमेरिकेत जावं लागेल. बॉयलर आणि पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढवणारे तिथले कामगार दिवसभर त्याच्या धुळीत असायचे. डॉ. आयर्विंग सेलिकॉफ, कायलर हॅमंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या अशा १७,८०० कामगारांवर १९६७ पासून दहा वर्षं लक्ष ठेवलं. १९७९ साली आकडे आले.

धूळही नाही आणि सिगारेटही नाही, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका १ धरा. नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे तो साधारण ५ होतो. नुसत्या सिगारेटमुळे ११. आणि दोन्ही असतील तर? थेट ५३.

म्हणजे इथं बेरीज नाही, जवळपास गुणाकार झालाय. (नंतरच्या अभ्यासांत तो दर वेळी इतका चोख दिसला नाही, पण दोन्ही असलेल्यांचा धोका सगळ्यात जास्त, हे कायम राहिलं.)

आता खरी गंमत बघा. या ५३ मृत्यूंमधून धूळ काढून टाका, ११ उरतात. म्हणजे ४२ वाचले. धूळ तशीच ठेवून सिगारेट काढा, ५ उरतात. म्हणजे ४८ वाचले. ४२ आणि ४८ मिळून ९० होतात, मृत्यू तर ५३च! कारण बरेचसे मृत्यू दोन्ही खात्यांत मोजले जातात. त्यामुळे "तो ओढत होता, कंपनीचा काय संबंध?" हा युक्तिवाद टिकत नाही.

शरीरात काय होतं? श्वासनलिकेतले बारीक केस धूळ बाहेर ढकलतात. धूर त्यांनाच निकामी करतो. मग अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आत रुतून बसतात आणि धुरातली घातक रसायनं त्यांना चिकटतात. कॅन्सर दिसायला अनेकदा २० ते ४० वर्षं जातात, तोवर नोकरी संपलेली असते.

भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी बंद आहेत, पण परदेशातून माल आणून सिमेंटचे पत्रे बनतातच. पत्र्याखाली राहणारा आणि पत्रे कापणारा यांचा धोका मात्र सारखा नाही. आणि प्रश्न फक्त अ‍ॅस्बेस्टॉसचा नाही. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर यांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं कॅन्सरकारक ठरवलंय.

अशा कामातल्या माणसानं बिडी-सिगारेट सोडली तर इतरांपेक्षा त्याचा फायदा मोठा. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांवरच्या २०१३च्या अभ्यासात, सिगारेट सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. पण धूळ कमी करणं कामगाराच्या हातात नसतं.

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला होता की, प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवा. घरात कुणी अशा कारखान्यातून निवृत्त झालं असेल, तर ती नोंद मागून घ्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कामाचं स्वरूप त्यांना सांगा.