जडत्वाचा चिमुकला पहारेकरी

धावती बस अकस्मात थांबली की उभा उतारू पुढे झुकतो. १६८७ साली न्यूटनने ग्रंथित केलेल्या याच जडत्वाच्या नियमावर एक इवलासा संवेदक चालतो. सिलिकॉनच्या चिमुकल्या तुकड्यात केसाहून बारीक स्प्रिंगांवर सूक्ष्म भार टांगलेला असतो. धक्का बसताच तो किंचित सरकतो. शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि विजेचा संकेत उमटतो. मोटारीच्या टकरीत काही सहस्रांश सेकंदांत हवेची पिशवी फुगून प्राण वाचू शकतात, ते या संकेतामुळेच. १९९० नंतरच्या दशकात मोटारींमुळे त्याचा खप वाढला, किंमत उतरली. पुढे तो खिशातील फोनमध्येही आला. २०१६ साली बर्कले येथील शास्त्रज्ञांनी अशा फोनांकरवी भूकंप टिपण्याचा उपक्रम आरंभिला. विद्यार्थिमित्रहो, वर्गात पाठ केलेला नियम असा रात्रंदिवस पहारा देत असतो!