आजीच्या खोलीतली भेग

इंदूरच्या आमच्या घरात आजीच्या खोलीची भिंत दर उन्हाळ्यात तडकते. पावसाळ्यात भेग मिटल्यासारखी वाटते. पुट्टी भरली, रंग दिला, मे महिन्यात पुन्हा हजर!

यंदा वरचा मजला चढवण्याआधी अंगणात खड्डा खणला. वर काळी माती, खाली मुरूम, तळाशी पहारीला काळा दगड लागला. एकाच बेसाल्टची ही तीन रूपं! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. ऊन-थंडीने दगडाच्या फटी रुंदावतात. कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्ल झालेलं पावसाचं पाणी आत झिरपतं, आतली खनिजं कुजवून त्यांची चिकणमाती करतं. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. आमचा पाया नेमका तिच्यातच थांबलेला.

आता आधी पाया मुरुमापर्यंत न्यायचा, मजल्याचं पुढे बघू. आजीची खाट तोवर बैठकीत.