हातांनी घडवलेले यंत्रयोद्धे

प्रस्तावना

बाजारातून एखादी वस्तू आणावी, खोक्यातल्या सूचनांप्रमाणे ती जोडावी आणि कपाटात ठेवून द्यावी, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. काही माणसांचे मात्र होत नाही. ‘हा गुडघा असाच का? हा खांदा जरा रुंद असता तर?’ असे प्रश्न त्यांना पडतात आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी ती चक्क करवत हाती घेतात. प्रस्तुत पाठात आपण जपानमध्ये बहरलेल्या अशाच एका छंदाची ओळख करून घेणार आहोत. विज्ञानकथांमधील अवाढव्य यंत्रयोद्ध्यांच्या प्रतिकृती बदलणे किंवा मुळापासून घडवणे, हा तो छंद होय.

मेका म्हणजे काय?

जपानी विज्ञानकथांत ‘मेका’ नावाची यंत्रे असतात. आपण ज्याला यंत्रमानव म्हणतो, त्याच्याशी त्यांचे रूप जुळते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. यंत्रमानव स्वतः चालतो, तर मेका बहुधा आत बसलेला माणूस चालवतो. रणगाड्याला हातपाय फुटावेत, तसे हे यंत्र असते.

7 एप्रिल 1979 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ‘किदो सेन्शी गंडम’ ही चित्रमालिका सुरू झाली. योशियुकी तोमिनो हे तिचे दिग्दर्शक आणि कुनिओ ओकावारा हे तिच्यातील यंत्रांचे रेखाटनकार. मेकाला जादूचे खेळणे न मानता युद्धसामग्री मानणे, हे या मालिकेचे वैशिष्ट्य होते. या यंत्रांना इंधन लागते, त्यांची दुरुस्ती करावी लागते, ती मोडतात आणि त्यांत बसलेली माणसे मरतात. मालिकेला आरंभी पुरेसा प्रेक्षक लाभला नाही. 52 भागांचा बेत 43 भागांवर आटोपून जानेवारी 1980 मध्ये ती संपली. मात्र पुनःप्रक्षेपणामुळे तिची लोकप्रियता वाढत गेली आणि जुलै 1980 मध्ये बंदाई या कंपनीने तिच्यातील मुख्य यंत्राचा प्लॅस्टिकचा संच 300 येन किमतीला विक्रीस आणला. या संचांना पुढे ‘गनप्ला’ हे नाव पडले.

अपुरेपणातून आलेली संधी

आज पाहिले तर तो पहिला संच अगदी साधा वाटतो. त्याचे भाग गोंदाने चिकटवावे लागत, बहुतेक रंग स्वतः द्यावा लागे. पडद्यावरचा योद्धा पाय फाकवून ऐटीत उभा राही. संचातला मात्र कवायतीतल्या मुलासारखा ताठ उभा असे. गुडघे जेमतेम वाकत.

एखाद्याने निराश होऊन संच फेकून दिला असता. परंतु अनेक तरुणांनी या उणिवेलाच आव्हान मानले. त्यांनी मांड्या आडव्या कापल्या, मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे घालून त्या लांब केल्या, कमरेत नवे सांधे बसवले. ‘हॉबी जपान’ या मासिकाने अशा कामांना स्थान दिले. ‘स्ट्रीमबेस’ नावाच्या हौशी मंडळींच्या गटाचे काम त्यात विशेष गाजले. या गटातील कात्सुमी कावागुची पुढे बंदाई कंपनीतच दाखल झाले. कंपनीनेही कालांतराने सुटसुटीत सांध्यांचे, गोंदाविना जुळणारे आणि रंगीत भागांचे संच काढले. 1990 आणि 1995 साली आलेल्या नव्या श्रेण्यांनी तर या संचांचा दर्जाच पालटला. ग्राहकांनी करवतीने मांडलेली मागणी अशा रीतीने कारखान्यातील साच्यापर्यंत पोहोचली.

मुळापासून घडवणारे

काहींनी याहून पुढची वाट धरली. कोउ योकोयामा या कलावंताने 1982 साली ‘हॉबी जपान’मध्ये ‘एसएफ थ्री-डी’ ही लेखमाला सुरू केली. तीत कोणत्याही चित्रमालिकेतील यंत्रे नव्हती. योकोयामा यांनी निरनिराळ्या संचांचे सुटे भाग आणि इतर साहित्य जुळवून सैनिकाने अंगावर चढवावयाची यंत्रचिलखते स्वतः कल्पिली व घडवली. त्यांच्या प्रतिकृतींच्या छायाचित्रांभोवती युद्धकथा रचली गेली. लेखमाला काही वर्षे चालली आणि तिच्यातील यंत्रांचे संचही बाजारात आले. येथे क्रम उलटा झाला. एरवी आधी कथा आणि मग प्रतिकृती. येथे आधी प्रतिकृती आणि मग कथा.

निरनिराळ्या संचांचे भाग एकत्र करण्याची ही रीत चित्रपटसृष्टीतही रुळलेली होती. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अवकाशयानांवर जे असंख्य नळ, झाकणे आणि उंचवटे दिसतात, त्यांपैकी कितीतरी बाजारातील रणगाड्यांच्या, विमानांच्या आणि जहाजांच्या संचांतून घेतलेले होते.

प्रमाणाचे गणित

या छंदाचा पाया गणितात आहे. गंडम यंत्राची कल्पित उंची 18 मीटर, म्हणजे 1800 सेंटिमीटर. 1/144 प्रमाणात प्रतिकृती 12.5 सेंटिमीटर उंच होते, तर 1/100 प्रमाणात 18 सेंटिमीटर. 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस 1/144 प्रमाणात जेमतेम 1.2 सेंटिमीटरचा भरतो.

हे गणित चुकले तर प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. प्रचंडपणाचा भास मोठ्या आकाराने होत नाही. तो बारीक खुणांनी होतो. छातीवर माणूस शिरेल एवढे दार, त्याखाली लहानशी शिडी, पत्र्यांमधील केसासारखी फट एवढे दिसले की पाहणारा नकळत स्वतःला त्या शिडीवर उभे करतो आणि तळहाताएवढी वस्तू त्याला इमारतीएवढी वाटू लागते. याउलट फट जाड कोरली गेली, तर हिशेबाने ती खऱ्या यंत्रात हातभर रुंद ठरते आणि सारा भास मोडतो.

घडणीची रीत

मुळापासून प्रतिकृती घडवणारा प्रथम कागदावर समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे काढतो. मग अर्धा किंवा एक मिलिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचा पत्रा घेतो. तो आरपार कापावा लागत नाही. धारदार सुरीने रेघ ओढून वाकवला की तो रेघेवर सरळ तुटतो. अशा तुकड्यांच्या पेट्या जोडून हात, पाय, धड यांचे मूळ आकार तयार होतात. जोडण्याचे द्रावण हा साधा गोंद नव्हे. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवते. ते उडून गेले की दोन तुकडे एकजीव होतात. गोलाकार भागांसाठी पुट्टी थापून, ती वाळल्यावर तासून आकार देतात.

यानंतर येते ते सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम, घासण्याचे. 400 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून 600, 800, 1000 असे अधिकाधिक बारीक कागद वापरतात. मग करड्या रंगाचा प्रायमर देतात. डोळ्यांना गुळगुळीत भासणाऱ्या भागावरचे ओरखडे प्रायमर निर्दयपणे उघडे पाडतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर. हे चक्र टाळता येत नाही, कारण रंगाने दोष झाकला जात नाही, उलट उठून दिसतो.

डावा आणि उजवा भाग तंतोतंत सारखा करणे ही आणखी एक कसोटी. त्यासाठी एकसारख्या भागांपैकी एकच उत्तम घडवून त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घेतात आणि त्यात रेझिन ओतून हव्या तितक्या प्रती काढतात. गणेशमूर्तीचा साचा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही युक्ती लगेच उमगेल. रेझिनचे अवयव जड असतात, म्हणून सांध्यांत पितळेची तार घालून बळकटी आणतात.

शेवटी रंग. येथे कारागिराला विचार करावा लागतो: हे यंत्र कोठे लढले? चिखलात वावरले असेल तर माती पायांना लागेल, डोक्याला नव्हे. रंग कडांवर आधी उडेल. गंजाचे ओघळ पावसाच्या पाण्याबरोबर खालीच येतील. प्रत्येक डागाला कारण हवे. विनाकारण लावलेला डाग फक्त घाण दिसतो.

काळजी आणि सचोटी

हे काम करताना सुरी नेहमी बोटांपासून दूर जाईल अशी चालवावी. थिनर व रंगाची वाफ आणि रेझिनची धूळ शरीराला अपायकारक असते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवून, योग्य मुखपट्टी लावूनच काम करावे.

दुसरी काळजी सचोटीची. यंत्र आपण घडवले, तरी त्याचे मूळ रेखाटन दुसऱ्याचे असू शकते. घरी ठेवण्यासाठी घडवणे वेगळे आणि विकणे वेगळे. जपानमध्ये ‘वंडर फेस्टिव्हल’ नावाचा हौशी कारागिरांचा मोठा मेळावा भरतो. तेथे मूळ हक्कधारकाकडून केवळ त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे रेखाटनकाराचा हक्क राखला जातो आणि हौशी माणसाच्या श्रमांनाही वाव मिळतो.

समारोप

या छंदाला पैसा लागतो, वेळ त्याहून अधिक लागतो. महिनोन्महिने खपून केलेला सांधा शेवटच्या दिवशी मोडू शकतो. मग माणसे यात का रमतात? धडधाकट वस्तूवर पहिल्यांदा करवत ठेवताना हात कापतो. त्या क्षणी वस्तू बिघडण्याची जबाबदारी आपण स्वीकारतो आणि तेथूनच ती खऱ्या अर्थाने आपली होऊ लागते. या कारागिरांपैकी अनेकांना कोणी वर्गात बसवून शिकवले नाही. चुकलेला भाग हाच त्यांचा गुरू होता. तुम्हीही औपचारिक शाळेबाहेर राहून शिकत आहात. चूक दिसली की ती झाकायची नाही, घासून काढायची, हा या छंदाचा नियम आपल्या अभ्यासालाही लागू पडतो.

स्वाध्याय

1. मेका आणि यंत्रमानव यांतील भेद स्पष्ट करा.
2. 1800 सेंटिमीटर उंचीच्या यंत्राची 1/60 प्रमाणातील प्रतिकृती किती उंच होईल?
3. ‘ग्राहकांनी करवतीने मांडलेली मागणी’ या शब्दप्रयोगाचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा.
4. ‘प्रत्येक डागाला कारण हवे’ या विधानाचा तुम्हाला समजलेला अर्थ लिहा.
5. तुम्ही स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेल्या किंवा बदललेल्या एखाद्या वस्तूविषयी दहा ओळी लिहा.