घरबसल्या नर्सिंगची पदवी मिळते काय?

बारावी उत्तीर्ण कन्येस घरी राहूनच परिचारिका होता येईल काय, असा प्रश्न अंबड, भोकरदन, परतूरकडील पालकांना पडतो. उत्तर नकारार्थी आहे. रुग्णाच्या उशाशी उभे राहिल्याविना ही सेवा शिकता येत नाही.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली दूरशिक्षणाद्वारे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग सुरू केले, ते जी.एन.एम. पदविकाधारक, नोंदणीकृत व सेवेतील परिचारिकांसाठी. नोकरी सांभाळून पदवी मिळावी, हा त्यामागील हेतू होता. त्यातही प्रात्यक्षिके प्रत्यक्ष हजर राहूनच करावयाची होती.

म्हणून आधी पदविका, मग नोंदणी व अनुभव, त्यानंतर अशी पदवी, हा क्रम ध्यानी ठेवावा. शुल्क भरण्यापूर्वी भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता अवश्य तपासावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. शेत गहाण ठेवून भरलेले पैसे नोंदणी न मिळवून देणाऱ्या प्रमाणपत्रापायी वाया जाऊ नयेत.