सूर्य, चंद्र आणि तिसरी पाळी

औषधाच्या चिठ्ठीवरची १-०-१ ही खूण म्हणजे एक चित्रच. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अक्षरओळख नसलेल्यालाही ती एकदा सांगितली की कळते. त्यापुढची पायरी म्हणजे पाकिटावर काढलेले सूर्य आणि चंद्र. बजाजनगरात औषधांचे दुकान चालवताना या खुणा कोण कशा वाचतो, हे मला रोज पाहायला मिळते.

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक वसाहतीलगतची कामगारवस्ती. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९८५मध्ये सुरू झाला. बीड, जालना, परभणीपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पाळ्यांमध्ये काम करतात. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी खोलीवर येऊन झोपतो. त्याच्या लेखी सूर्य म्हणजे झोप! मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या असतात. सूर्य पाहून अशी गोळी घेतली आणि न जेवता अंग टाकले, तर रक्तातली साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ, प्रसंगी बेशुद्धी. म्हणून अशा गिऱ्हाइकाला मी आधी पाळी विचारतो. डॉक्टरांकडून वेळ पक्की झाली की पाकिटावर सूर्याऐवजी ताट काढतो आणि ताटाच्या आधी गोळी.

चित्र रोगाचे नसावे, पुढच्या कृतीचे असावे, असे मला वाटते. याचा उत्तम नमुना गडचिरोलीत सापडतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे साधे साधन केले. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, ही धोक्याची खूण. पण इतके आकडे मोजणे ज्यांना जड, त्यांचे काय? त्या साधनात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी आहेत. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. फुप्फुसाचे चित्र त्यात कुठेच नाही.

अंगणवाडीतली दंडघेर मोजण्याची पट्टीही अशीच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते, त्यापुढे १२.५पर्यंत पिवळी, नंतर हिरवी. लाल दिसले की मूल तातडीने दवाखान्यात न्यायचे, हे सेविकेला शिकवलेले असते.

शिकवण नसेल तर रंग मुका राहतो. प्रतिजैविकांच्या पाकिटावरील लाल रेघेची मोहीम केंद्र सरकारने २०१६मध्ये हाती घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, हा तिचा अर्थ. पण ज्याला तो कुणी सांगितलेला नाही, त्याच्यासाठी ती वेष्टनावरची नक्षीच.

सर्वांत अवघड काम रक्तदाबाचे. तो बहुधा दुखत-खुपत नाही. कॉम्प्रेसरवर काम करणाऱ्याला मात्र काटा लाल खुणेकडे सरकण्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. टाकी फुटेपर्यंत तो थांबत नाही. म्हणून वहीत १४०ची आडवी लाल रेघ ओढून दर खेपेचा वरचा आकडा ठिपक्याने दाखवला, की त्याला तो पटकन उमगतो. पण याच चित्रात एक सापळा आहे. ठिपके रेघेखाली आले की प्रश्न येतो, ‘‘आता उतरलं ना, मग गोळी कशाला?’’ म्हणून प्रत्येक ठिपक्याखाली गोळीही काढावी लागते. ठिपका तिच्यामुळे खाली आहे, हे दिसले पाहिजे.

वही परत देताना मी ‘‘कळलं का?’’ असे विचारत नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. ‘‘घरी काय सांगाल?’’ असे विचारतो. ठिपक्यावर बोट ठेवून, मग खालच्या गोळीवर बोट आणून माणूस आपल्या शब्दांत सांगू लागला, की चित्र पोहोचले.